कुंभारणीचं घर

सून उज्वला उलथनं घेऊन खिडकीच्या चौकटीवरचं कुंभारीण माशीचं मातीचं घर खरवडायला निघाली, तेव्हा येवल्याहून आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीनं अडवलं. “पाडू नको गं. कुंभारीण घर बांधते, तिथं वर्षात पाळणा हलतो.” उज्वलाचा दोनदा गर्भपात झाला होता, डॉक्टरांनी पुन्हा नको म्हणून बजावलं होतं. ती खाली बघत राहिली. आक्कापुढं मी कधी बोललो नव्हतो. कुंभारणीबद्दल पुस्तकात वाचलेलं नीट सांगता येईल का, अशीही धास्ती होती. तरी उठलो. “आक्का, ती मातीचं गाडगं घडवते म्हणून कुंभारीण. आत तिचं पिल्लू असतं. आपल्या पाळण्याशी तिचा संबंध नाही.” “तू कधीपासून सुईण झालास?” “झालो नाही. पण हा विषय या घरात पुन्हा नको.” उज्वलानं उलथनं ओट्यावर ठेवलं. “राहू दे आता, बाबा. तिचं पिल्लू बाहेर पडू दे.”