गेल्या तासाचा आलेख

"खरं प्रेम काळाच्या पलीकडे असतं," असं जाहीर करून वसंतराव देवस्थळींनी व्हरांड्यात खुर्ची टाकली, बायको कोणाचा किती विचार करते त्याचा आलेख मोबाइलच्या पडद्यावर उघडला आणि काळ निवडला, 'गेला महिना'.

सर्वांत उंच खांब शेजारच्या गुलाबवाल्या सहस्रबुद्ध्यांचा. वसंतराव दूधवाल्याच्याही खाली.

जळफळत त्यांनी 'गेला आठवडा' केला. सहस्रबुद्धे आणखी वाढले. शेवटी तासभर कुढून, धीर करून 'गेला तास' दाबलं, तर काय, पडदाभर एकटे वसंतराव!

"कुमुद, तासभर फक्त माझाच विचार?" ते गहिवरून ओरडले.

"दुसऱ्या कोणाचा करणार?" कुमुदताई बागेतून म्हणाल्या. "तासभर घसा फोडतेय. अहो, पाण्याच्या नळीवरून ती खुर्ची तेवढी उचला."