बाई बसेचनात

अमेरिकेतल्या टोलेडोत तेव्हा दुपारची जेवणं आटोपली की घरोघरी टीव्हीवरचं कोर्ट भरायचं. शेजारच्या व्हर्नाकडे आम्ही दोघी खारे दाणे खात ते बघायचो. न्यायाधीशबाई आत आल्या की शिपाई सगळ्यांना उठायला सांगायचा, आणि व्हर्ना खरोखरच उठून उभी राहायची.

"टीव्हीला कसला गं मान देतेस?" मी चिडवायचे.

"तुझ्या आईनं तुला कान धरून उठवलं असतं, ओपल."

पुढे तिचं खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून आली त्याच दुपारी शिपायानं पुकारा केला. व्हर्नानं धडपड केली, पण उठता येईना. तिचे डोळे भरून आले.

पडद्यावर न्यायाधीशबाई बसेचनात. सगळं कोर्ट उभं. चित्र अडकलं म्हणावं, तर तिथं कुणीतरी खोकलं.

"अगं, जुना भाग आहे हा," मी म्हणाले. "बाई कधीच निवृत्त झाल्या."

व्हर्ना मात्र पडद्याकडे बघत पुटपुटली, "माफ करा बाईसाहेब, पाय साथ देत नाहीत."

न्यायाधीशबाई मायेनं हसल्या. "तुम्ही बसा," म्हणाल्या.

तरीही कोर्ट उभंच राहिलं. बाईंची नजर हळूहळू सरकली आणि माझ्या खुर्चीवर येऊन थांबली.