खांदशेकणी

लिव्हर आत जात होता, पण बाहेर यायचं नाव घेत नव्हता. कलीमनं दोन्ही हातांनी ओढून पाहिला, पाय रोवून ओढून पाहिला. शेवटी तो अंगणात उताणा पडला आणि त्यानं ट्रॅक्टरखाली डोकं घातलं. दिग्रसहून सकाळच्या एसटीनं आलेला मिस्त्री तो. रिकाम्या हातानं परत जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"काल फवारा बंद कराले लिव्हर ओढला, तर ढिम्म," घरधनी प्रेमसिंग वरून सांगत होता. "मागचा दांडा फिरूनच राह्यला. पुष्पा टाकीत पाणी टाकाले वाकली, तिच्या ओढनीचं टोक गेलं त्याच्यात. म्या इंजन बंद केलं म्हनून..."

प्रेमसिंगची बायको पुष्पा चुलीशी बसली होती. तिच्या गळ्यावर लाल वळ उठला होता. कलीमनं एकदाच पाहिलं आणि नजर खाली घेतली. फिरतं लोखंड आधी कपडा ओढतं, मग माणूस.

पलीकडे रिकाम्या गोठ्यात प्रेमसिंगचा बाप, फकिरा, खुंट्याला टेकून बसला होता. लागोपाठ दोन वर्षं गुलाबी अळीनं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खाल्ली आणि तांड्यातले निम्मे खुंटे ओस पडले. फकिराची बैलजोडीही विकली गेली. तिच्या जागी प्रेमसिंगच्या मेव्हण्याकडून हा लहानसा जुना ट्रॅक्टर आला. 'तुले त्यातलं समजत नाही, हात लावू नको,' असं प्रेमसिंगनं बापाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सात पिढ्या बैलांमागे चाललेल्या घरातल्या या माणसाला आता अंगणात काही काम उरलं नव्हतं.

कलीमनं लिव्हरच्या बुडाची रबरी टोपी वर केली. आतल्या पिनीभोवती पिवळट, चिकट थर बसला होता. त्यानं तो नखानं खरवडला, नाकाशी नेला. हे ग्रीस नव्हतं. तूप होतं, आणि हळद. थरात पळसाच्या पानाचा एक तुकडाही रुतला होता.

त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पोळा नुकताच होऊन गेला होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला, जिथं वर्षभर जू बसतं तिथं, तूप-हळद लावतात, पळसाच्या पानानं शेकतात आणि म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हीच खांदशेकणी. म्हाताऱ्यानं ट्रॅक्टरचा खांदा शोधला होता. आणि शोधला होता अगदी बरोबर. सगळा भार इथूनच तर मागं जायचा. कलीमला हसू आलं. मग तो वळ आठवला आणि हसू विरलं.

"काय निघालं?" प्रेमसिंगनं विचारलं.

"धूळ असन," चुलीपासून पुष्पा पटकन म्हणाली. ती कुणाकडेच पाहत नव्हती. घरातल्या तुपाची वाटी कुणी नेली, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?

"धूळच हाय," कलीम म्हणाला. "पिन धुवाले थोडं डिझेल आना."

प्रेमसिंग घरामागे गेला. कलीमला स्वतःचंच खोटं टोचलं. पुढच्या पोळ्याला म्हातारा पुन्हा तूप ओतणार, आणि तेव्हा नुसत्या वळावर भागणार नाही.

"काका, इकडे या," त्यानं हळूच हाक मारली. फकिरा बिचकत आला. कलीमनं पिनीच्या टोकाचं बारीक तोंड पुसून दाखवलं आणि ग्रीसगन त्याच्या हातात दिली. "याचा खांद इथंच हाय. पन याले तूप नाही चालत. तूप गोठते, धूळ धरते, मंग लिव्हर सुटत नाही. काल तेच झालं."

फकिरानं सुनेच्या गळ्याकडे पाहिलं.

"म्या तं माया केली त्याले."

"माया कराच, काका. दर आठवड्याले, ग्रीसनं. हे काम आता तुमचं. प्रेमसिंगले मी सांगतो."

प्रेमसिंग डिझेल घेऊन आला, पिन धुतली गेली. ग्रीस म्हाताऱ्यानंच भरलं. "याचं ग्रीस आता काकाच भरतीन," कलीमनं प्रेमसिंगला सांगून टाकलं. मग फकिरा गोठ्यात गेला, खुंटीवरची बैलाची पितळी घंटी काढून आणली आणि लिव्हरला बांधली. लिव्हर आत असला की घंटी पत्र्याला दबून मुकी राहायची. बाहेर आला की सुटायची.

"बाई," तो सुनेला म्हणाला, "हे वाजल्याबिगर वाकू नको."

प्रेमसिंगनं इंजिन लावलं, लिव्हर आत टाकला. दांडा फिरू लागला. मग त्यानं लिव्हर मागे ओढला. दांडा थांबला आणि घंटी वाजली.

घरातल्या तिघांच्याही माना एकदमच गोठ्याकडे वळल्या.