सुट्टीआधी सगळं विकावं

गणेशचतुर्थी शुक्रवारी आली होती, म्हणजे तीन दिवस बाजार बंद. विश्राम टिपणीस निवांत आंघोळ करून आला, तर पूजेच्या पाटावर त्याचंच सोवळं नेसून शेजारचे दळवी बसलेले.

"माझी जागा आहे ती, दळवी."

"होती. काल बाजार बंद होता होता तुमच्या यंत्राने विकली, मी घेतली."

विश्रामने भिंतीवरच्या यंत्राकडे पाहिलं. शेअर, सोनं आणि गेल्या वर्षी बाजारात आलेल्या नवरा, बाप अशा घरातल्या जागा, सगळे सौदे तेच करायचं.

"सुट्टीआधी हातात काही ठेवायचं नाही, असं तुम्हीच सांगून ठेवलंय," यंत्र म्हणालं.

"परत घे."

"सोमवारी. आज बाजार बंद आहे."

तेवढ्यात विश्रामच्या मनात पाल चुकचुकली. नैवेद्याच्या मोदकांना वेलचीचा वास नव्हता. वेलची दळवींना चालत नाही.

"शर्वरी, तुला कालच माहीत होतं?"

"सोमवारी घेईन ना मी तुला परत," निरांजनात तूप घालत बायको म्हणाली. "भाव अजून जरा पडू दे."