घरात शिरलेली बाई

रोएना सुपाचा वाडगा घेऊन खोलीत गेली, तर वडिलांनी तिच्यावर पिस्तूल रोखलं.

"जागची हलू नकोस," आरामखुर्चीतून म्हातारा म्हणाला. "माझ्या घरात शिरलीस कशी?"

"डॅडी, मी रोएना. तुमची मुलगी."

"माझी मुलगी शाळेत गेलीय."

चमचा धरतानाही थरथरणारा त्याचा हात आत्ता अगदी स्थिर होता. गरम सूप तिच्या मनगटावर सांडत होतं, पण वाडगा खाली ठेवायची तिची छाती झाली नाही.

"शाळा सुटली, डॅडी," ती हळूच म्हणाली.

म्हातारा विचारात पडला. मग त्याने पिस्तूल मांडीवरच्या पांघरुणाखाली सारलं आणि सूप मागितलं.

रोएनाने फोन केला तसे दोघे भाऊ टल्सा शहरातून गाडी हाणत आले. स्वयंपाकघरात बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. थोरला ड्वेन कॉफी ढवळत हसला.

"म्हणजे म्हाताऱ्याचा नेम अजून शाबूत आहे म्हणायचा."

"ते काढून घ्या त्यांच्याकडून. मी हात लावला तर ओरडतात."

"रोएना, उभा जन्म त्यांनी त्या पिस्तुलाच्या जोरावर घर राखलं. आता ते काढून घ्यायचं म्हणजे चारचौघांत त्यांची पँट उतरवण्यासारखं आहे."

"पिस्तूल वाईट असं मी कधी म्हणाले? माझंही आहे, गाडीत. पण समोर कोण उभं आहे ते मला कळतं."

"चाप तर नाही ना ओढला?" धाकटा क्लेटन म्हणाला. "त्यांना वाटलं, चोर शिरला. आपलं घर राखायचा हक्क आहे माणसाला."

"माझ्यापासून?"

क्लेटनने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ड्वेनने समजुतीचा सूर लावला. "तू असं कर. आत जाताना आधी दार वाजवत जा. नाव सांग. एवढं काय त्यात."

रोएनाने ताटली काढून ओट्यावर ठेवली.

"मी त्यांचं ढुंगण धुते, ड्वेन. ते पण दार वाजवून धुऊ? रात्री ते पडले की उचलते, तेव्हा आधी नाव सांगू? तुम्ही सणावारी येता, त्यांच्याशी शिकारीच्या गप्पा मारता आणि माझ्या डब्यातला केक खाऊन जाता. हक्क त्यांचा, मान तुमचा, आणि गोळी खायला मी."

"उगाच वाढवू नकोस."

"नाही वाढवत." तिने जराही तोंड वाकडं न करता ताटलीत घेवड्याची उसळ आणि कॉर्नब्रेड वाढलं आणि ताटली ड्वेनपुढे सरकवली. "त्यांच्या जेवणाची वेळ झाली. आज तू घेऊन जा."

"त्यात काय," म्हणत ड्वेन उठला. बोळातून त्याचे बूट ठाकठाक वाजत गेले आणि दाराशी थांबले. त्याने मागे वळून क्लेटनकडे पाहिलं. क्लेटन मांडीवरच्या टोपीकडे बघत होता.

ड्वेनने दार वाजवलं.

"डॅडी, मी ड्वेन. तुमचा थोरला."

आतून काहीच उत्तर आलं नाही.

त्याने ताटली जमिनीवर ठेवली, दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि बुटाच्या टोकाने दार हलकेच ढकललं.