समोरची भिंत

"कबुतरं कुठायत?" साहेब खालून ओरडले. "मैत्रीचं चित्र सांगितलं होतं. हे थोबाड कुणाचं?"

"माझ्या पोराचं," परांचीवरून पेंटर म्हणाला. ब्रश थांबवलासुद्धा नाही.

गोदामाची ही तीनमजली भिंत नदीकडे तोंड करून उभी होती. नदी म्हणजेच सरहद्द. दगड भिरकावला तर पलीकडे पडावा, एवढीच रुंद. दोन वर्षांपूर्वी पोराची होडी धारेला लागून पलीकडे गेली आणि तिकडच्या पोलिसांनी त्याला आत टाकलं. तेव्हापासून पत्र नाही की निरोप नाही. पेंटरने याच साहेबांच्या कचेरीत चपला झिजवल्या. दर वेळी एकच उत्तर, चौकशी चालू आहे. दोन वर्षं चालतेय म्हणे! एव्हाना चालत पलीकडे पोचायला हवी होती. आणि आता दोन्हीकडच्या साहेबांना कलेतून संवाद साधायचे डोहाळे लागले होते. दोन्ही काठांवरच्या समोरासमोरच्या भिंती रंगवायच्या होत्या.

"सोमवारी यावर चुना मारायचा," साहेब म्हणाले आणि गाडीत बसून गेले.

दुपारी बायको डबा घेऊन आली. मान वर करून बराच वेळ बघत राहिली.

"दात अख्खा का काढलात? तुमच्याच शिडीवरून पडून तुटला ना त्याचा!"

पेंटर गडबडला. तीस वर्षं तो बोर्डावर माणसं रंगवत होता. टक्कल झाकायचं, तिरळा डोळा सरळ करायचा. गिऱ्हाईक खूश झालं पाहिजे.

"हात सवयीनं गेला गं."

"तो गिऱ्हाईक आहे का?" ती फणकारली आणि डबा ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या भिंतीवर चित्रासाठी चौकटी आखलेल्या दिसल्या. तिकडेही एक पेंटर परांचीवर चढला होता. संध्याकाळपर्यंत कपाळ, भुवया उमटल्या. पोराचंच तोंड! पेंटरच्या डोक्यात सणक गेली. शनिवारी त्या माणसाने गाल खप्पड केले, वर भलीमोठी दाढी चढवली.

"थट्टा करतो काय रे! पोरगं तर खाल्लंत, आता चित्रसुद्धा विटाळताय?"

तोंडाला येतील त्या शिव्या देत तो काठावर धावला. दगड उचलून फेकू लागला. एक दगड तिकडच्या परांचीच्या बांबूवर खाडकन आदळला. तो माणूस दचकला, पण उतरला नाही. पाठ करून तो ओठांपाशी काहीतरी बारीक काम करत राहिला. मग बाजूला सरकला.

पेंटरने पुढचा दगड उचलला. मागून बायकोने येऊन त्याचं मनगट धरलं.

"सोड! आज त्याचं डोकंच फोडतो."

"अहो, दात बघा."

त्याने बघितलं. दाढीतून पोरगं हसत होतं. पुढचा डावा दात अर्धा तुटलेला होता.

"तुमचं बघून काढलं असतं, तर अख्खा काढला असता," ती म्हणाली. "त्यानं पाहिलंय आपल्या पोराला."

दगड हातातून गळून पाण्यात पडला. पलीकडचा पेंटर आता वळून त्यांच्याकडेच बघत होता. याचा राग मात्र काही केल्या खाली उतरेना. त्याने दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडला,

"ए बाबा! त्याला म्हणावं, आधी दाढी कर! आई बघतेय!"