पाटावरचं हत्यार

इस्त्रीखालून मेणाचा धूर निघाला तसे सुभानराव गॅलरीत आले.

"काय गं, घर जाळतेस की काय?"

"नाही हो आजोबा. बोर्डला मेण पाजतेय."

वैष्णवीचा हात थांबला नाही. दोन खुर्च्यांवर तिचा स्नोबोर्ड उताणा पडला होता. तापलेल्या इस्त्रीला मेणाची वडी टेकवायची, ठिपके पडू द्यायचे आणि मग इस्त्री फिरवत राहायची. एका जागी थांबलात तर बोर्डचं पोट जळालंच म्हणून समजा. दुकानात देऊन आपलं हत्यार दुसऱ्याच्या हाती सोपवणं तिला पटत नसे.

बडोद्यात घामानं कपडे अंगाला चिकटत होते आणि ही पोरगी बर्फाची तयारी करत होती. पहिल्या वर्षी सगळा रावपुरा हसला. गेल्या हिवाळ्यात ती गुलमर्गहून कांस्यपदक घेऊन आली, तेव्हा हसणं थांबलं. पण घरात ते पदक फ्रिजवर जाऊन बसलं, विजेच्या बिलांशेजारी. येत्या जानेवारीत पुन्हा स्पर्धा होती.

"ही कड बघा," ती म्हणाली. "पावसाळ्यात गंजली. आता कानस मारून धार काढायची."

सुभानरावांनी चष्मा लावला, पोलादी कडेवरून बोट फिरवलं. बोटाला तांबडी पूड लागली.

"खरंच गंजलीय की!" त्यांना एवढा आनंद कसला झाला कोण जाणे.

"सांभाळून, कापेल."

"कापते?"

"बर्फात रुतायला हवी ना. धार गेली की वळणावर मी आडवी." तिनं इस्त्री बंद केली. मनात महिनाभर घोळत असलेलं बोलून टाकलं. "आजोबा, उद्या दसरा. माझा बोर्ड ठेवाल पाटावर? तलवारीशेजारी?"

सुभानरावांनी बोटावरची पूड धोतराला पुसली. "बघू," म्हणाले आणि आत गेले.

त्या पाटावर आजवर फक्त तलवार बसली होती. खापरपणजोबांची. दिवाणखान्यात त्यांचा मोठा फोटो होता. डोक्याला मंदील, झुपकेदार मिशा, गालांवर लाली. त्यांच्या आरोळीनं म्हणे शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांच्या अंगावर काटा यायचा. शेकडो लढाया मारल्या आणि अंगावर साधा ओरखडा नाही, असं सुभानरावांचे धाकटे भाऊ हंबीरराव छाती फुगवून सांगत. तलवार म्यानातून काढायची नाही, ही घराची रीत होती. सुभानराव दरवर्षी पितळी मूठ चिंचेनं लख्ख करत, मखमली म्यान झटकत, की झालं. वैष्णवीनं पाच वर्षांची असताना ती दोन्ही हातांनी उचलली होती. एवढ्याशा पोरीला पेलली म्हणून घरभर कौतुक झालं होतं.

दसऱ्याच्या सकाळी हंबीरराव डभोईहून फाफडा-जिलबीचा पुडा घेऊन हजर झाले. पाट मांडला होता. तलवार झेंडूच्या हारात सजली होती. आणि दारात वैष्णवी बोर्ड कवेत घेऊन उभी होती. रात्री तिनं त्याच्या कडा अशा चमकवल्या होत्या की नजर ठरू नये.

"हे काय इथं?" हंबीरराव म्हणाले.

"पुजायला आणलाय, छोटे आजोबा."

"घसरायची फळी? शस्त्राशेजारी?" ते भावाकडे वळले. "दादा, आपल्या घराण्यात आजवर कुणी घसरलं नव्हतं हो!"

"मी घसरत नाही," वैष्णवी म्हणाली. "डोंगर उतरते."

"जवा दे ने बेटा, सोड ते! पराक्रम काय असतो ते त्या फोटोला विचार. जा, आत ठेव ते खेळणं."

वैष्णवीनं आजोबांकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर ती मुकाट्यानं आत गेली असती. पण मग जानेवारीत याच दारातून निघताना तिला चोरासारखं वाटलं असतं, आणि तेच तिला नको होतं. या घराची म्हणून जायचं होतं तिला, घरातून पळाल्यासारखं नव्हे.

सुभानरावांनी फोटोकडे पाहिलं.

"हंबीर, भांडायचं कशाला?" ते म्हणाले. "धार बघून ठरवू. ज्याला धार, ते पाटावर."

"मग प्रश्नच मिटला!" हंबीररावांनी खुशीत जिलबी उचलली.

"वैष्णवी, बोर्ड भिंतीला लाव. तलवार काढ."

"आजोबा, पण रीत..."

"रीत मीच सांभाळली इतकी वर्षं. मी सांगतोय ना, काढ."

तिनं हात धुतले. फोटोला नमस्कार केला. हंबीररावांनी जिलबी ठेवून भक्तिभावानं हात जोडले. वैष्णवीनं हार बाजूला केला, म्यान डाव्या हातात धरलं, मूठ उजव्या हातात घट्ट पकडली. जड जाईल म्हणून पायही रोवले आणि सर्वशक्तीनिशी ओढलं.

ती मागच्या मागे कोलमडली. हातात मुठीला ठोकलेली लाकडाची पट्टी होती, आणि तिच्यावरचा चंदेरी कागद अर्धा सोलवटून लोंबत होता.

हंबीररावांचे जोडलेले हात तसेच राहिले.

"आपले आजोबा नाटकात सरदार व्हायचे, हंबीर." सुभानरावांनी भिंतीचा बोर्ड स्वतः उचलला, जपून पाटावर ठेवला आणि ताठ उभे राहिले. "कुंकू आण गं पोरी. या पाटावर धारेचं हत्यार आज पहिल्यांदा आलंय."